आयाबाईंना कोण शिकवणार, आणि काय?

'वृद्ध बाईंच्या देखभालीसाठी बाई हवी आहे. प्रेमळ, स्वच्छ, घरच्यासारखी राहणारी. रात्री राहण्याची तयारी हवी. आमच्यातली असल्यास प्राधान्य.'

अशा मजकुराच्या चिठ्ठ्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. सोसायटीच्या फलकावर, वाण्याच्या दुकानात, आता मोबाईलवरच्या गटांतही. आपल्यातल्या काहीजणींनी त्या लिहिल्याही असतील. 'आमच्यातली' एवढा शब्द गाळून लिहिल्या असतील, तेवढं भान चळवळीनं आपल्याला दिलेलं आहे. पण या चिठ्ठीत काय नाही ते पाहा. या बाईचं कामाचं शिक्षण झालेलं हवं, असं तीत कुठेच म्हटलेलं नाही. गाडीवर ड्रायव्हर ठेवताना आपण लायसन्स विचारतो. विजेचं काम करायला आलेल्याला 'तू प्रेमळ आहेस ना?' असं कुणी विचारत नाही. मात्र अर्धांगवायू झालेली, घास नीट गिळता न येणारी, पोटच्या पोरांना न ओळखणारी ऐंशी वर्षांची बाई जिच्या हाती बारा-बारा तास सोपवायची, तिच्याकडे फक्त माया असली की पुरे. माया तर बाईजवळ उपजतच असते. आणि जे उपजत आहे त्याचे पैसे कशाला मोजायचे?

मैत्रिणींनो, या एका समजुतीवर म्हातारपणाच्या काळजीचा सगळा बाजार उभा आहे. ही समजूत मोडल्याशिवाय आयाबाईंच्या पगाराचा प्रश्न सुटणार नाही आणि म्हाताऱ्या माणसांच्या हालांचाही सुटणार नाही.

सुरुवात माझ्यापासूनच करते. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन ती घरी आली. ब्यूरोकडून एक मावशी आल्या, सकाळी आठ ते रात्री आठ. तिसऱ्या आठवड्यात आईच्या माकडहाडापाशी जखम दिसली. ती वाढत गेली. मी मावशींवर ओरडले, ब्यूरोला फोन केला आणि बाई बदलून मागितली. त्या दिवशी मला असंघटित कामगारांच्या प्रश्नावरच्या एका बैठकीला जायचं होतं, म्हणून बदली बाई लगेच पाहिजे होती. जाताना मावशी एवढंच म्हणाल्या, "ताई, सांगितलं असतं तर केलं नसतं का?" मला ते उद्धटपणाचं वाटलं.

मग जखम धुवायला नर्सबाई येऊ लागल्या. त्यांनी दाखवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. माणसाला ओढून वर सरकवायचं नाही, कातडी चादरीवर घासते आणि तिथेच जखमेची सुरुवात होते. कमरेखाली आडवी चादर घालायची आणि दोघींनी दोन बाजूंनी धरून उचलायचं. टाचा गादीवर टेकू द्यायच्या नाहीत. ओल राहू द्यायची नाही. पाच मिनिटांत समजणारी गोष्ट! रुग्णालयानं घरी पाठवताना गोळ्यांची यादी दिली होती, पण यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. ब्यूरोनं मावशींना सांगितलं नव्हतं. मी तर विचारलंही नव्हतं. मावशी महिनाभर माझ्या आईला एकट्यानं उचलत होत्या. त्यांच्या कमरेचं काय झालं असेल हा विचार मला बऱ्याच उशिरा सुचला.

या गोष्टीत दोषी कोण? ज्या बाईला कुणी काहीच शिकवलं नाही, तिची तेवढी नोकरी गेली. बाकी आम्ही सगळे जागच्या जागी राहिलो.

आता या कामात शिकण्यासारखं काय असतं ते नीट मांडू या. कारण 'त्यात काय शिकायचंय, घरात सासू-सासऱ्यांचं केलंच असेल की' असं म्हणणारे आपल्या घरातच आहेत. गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला पडल्या पडल्या भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून ताठ बसवून भरवायचं आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी कमरेच्या खालच्या पातळीला ठेवायची, नाहीतर लघवी उलटी फिरते आणि जंतुसंसर्ग होतो. मधुमेह्याला दरदरून घाम सुटला, तो अडखळत बोलू लागला तर साखर उतरली असेल हे तिथल्या तिथे ओळखता आलं पाहिजे. धडधाकट म्हातारा एकाएकी बरळू लागला तर 'वय झालं' म्हणून सोडून द्यायचं नाही. साधा लघवीचा संसर्गही त्यामागे असू शकतो. स्मृतिभ्रंश झालेली आजी संध्याकाळी 'मला घरी जायचंय' म्हणून दाराशी उभी राहिली तर 'हेच तुमचं घर' असा वाद घालायचा नाही, दटावायचं नाही. तिला कशाची आठवण येतेय ते काढून घ्यायचं, तिचं मन दुसरीकडे वळवायचं. हे सारं ज्ञान आहे. ते मायेतून आपोआप उगवत नाही. माया असलेल्या लेकीसुनाही यात चुकतात, मीही चुकले.

हा प्रश्न चार सुखवस्तू घरांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची सुमारे १०.४ कोटी माणसं होती. त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या. महाराष्ट्रात दर शंभरांत जवळजवळ दहाजण साठीच्या पुढचे होते. त्यानंतर हा आकडा वाढलाच आहे. वृद्धांच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला एक अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतात साठीच्या वरच्या सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे आणि बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आहे. थोडक्यात, जिची काळजी घ्यायची ती बहुधा बाई, आणि काळजी घेणारी तर बाईच. पगार घेऊन करणारी बाई, न घेता करणारीही बाई. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरच्या माणसांच्या देखभालीचं काम करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. बायका त्यात दिवसाची सुमारे १४० मिनिटं घालवतात, पुरुष ७४. यात लेकरांचं करणं आलं तसंच म्हाताऱ्यांचंही आलं.

'शिक्षणाच्या सोयी आहेत की,' असं सरकार म्हणेल. आहेत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेचे वृद्धसेवेचे अभ्यासक्रम आहेत. २०१५ पासूनच्या कौशल्य विकास योजनेत 'जनरल ड्यूटी असिस्टंट', 'होम हेल्थ एड' अशा नावांचे वर्ग निघाले. पण ते कुणाला डोळ्यांसमोर ठेवून आखले आहेत? अनेक ठिकाणी इयत्तेची अट. चौथीत शाळा सुटलेली, पंधरा वर्षं हेच काम केलेली पंचेचाळिशीची बाई त्यात बसत नाही. वर्ग दिवसा, आणि दिवसाची पाळी बुडाली की दिवसाचा पगार बुडाला. दारूडा नवरा आणि शाळेत जाणारी दोन मुलं यांच्या घरात तीन महिने बिनपगारी शिकायची चैन कुणाला परवडते? आणि एवढं करून प्रमाणपत्र मिळालंच, तर दर किती वाढतो? ब्यूरो गिऱ्हाइकाला 'ट्रेन्ड बाई' म्हणून जास्त दर सांगतो. तो वाढीव पैसा कमिशनमध्ये जिरतो, मावशींच्या हाती पूर्वीचेच पैसे पडतात. शिक्षण बाईचं आणि भाव ब्यूरोचा!

काही ब्यूरो आपापली 'ट्रेनिंग'ही देतात, चार दिवसांची, आठ दिवसांची. अशी ट्रेनिंग घेतलेल्या बाया शिबिरात भेटल्या की मी विचारते, काय शिकवलं? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. गिऱ्हाइकाशी नम्रपणे बोलावं. उलट उत्तर देऊ नये. कामावर असताना मोबाईल पाहू नये. साडी स्वच्छ असावी. घरातल्या भांडणात पडू नये. पगाराचं बोलणं थेट मालकाशी करू नये. हे शिक्षण नव्हे, ही वेसण आहे. माणसाला कसं उचलावं हे त्यात नाही. उचलताना स्वतःची कंबर कशी वाचवावी हे तर नाहीच नाही.

दुसरीकडे परदेशी जाणाऱ्यांच्या शिक्षणासाठी मात्र उत्साहाला उधाण येतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. रुग्णसेवेतली माणसंही त्यात आली. त्यासाठी जर्मन भाषेचे वर्ग, कौशल्याचे वर्ग अशी सगळी तयारी. तरुण मुलामुलींना तिथे चांगला पगार मिळणार असेल तर त्यांनी जरूर जावं, मला त्याचं वाईट वाटत नाही. पण जर्मनीतल्या आजीला शिकलेला हात लागतो आणि हडपसरच्या, सोलापूरच्या आजीला 'मायेचा' हात पुरतो, हा हिशोब कुणी मांडला?

आपल्याकडे या बाबतीत उजेड पडलाच नव्हता असं नाही. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाचं काम उभं राहिलं. बायकांना नर्सिंगचं शिक्षण मिळावं म्हणून त्या संस्थेनं खटपट केली. परक्यांचं हागणं-मुतणं काढायचं, परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, हे घरंदाज बाईचं काम नव्हे अशी तेव्हा ओरड होती. शिक्षणानं ती ओरड हळूहळू बंद केली. कामाला नाव मिळालं, गणवेश मिळाला, नोंदणी मिळाली, पगाराची श्रेणी मिळाली. पण गणवेशापर्यंत पोचली ती नर्स झाली, आणि जिला ते दार उघडलं नाही ती 'आया'च राहिली. काम दोघी शेजारी शेजारी करतात. एकीची हजेरी पुस्तकात लागते, दुसरीला 'ए मावशी' म्हणून हाक मारतात.

ही 'मावशी' कोणत्या समाजातून येते हेही मोकळेपणी बोलू या. बहुतेकजणी दलित, भटक्या, आदिवासी, गरीब मुसलमान आणि गाव सोडून शहरात आलेल्या शेतमजूर घरांतल्या आहेत. विधवा आहेत, टाकलेल्या आहेत. अंगाची घाण काढायला हीच लागते, आणि तिच्या चहाचा कप मात्र वेगळा ठेवलेला असतो. स्वयंपाकघरात तिनं यायचं नाही. ज्या हातानं म्हाताऱ्या आईला आंघोळ घातलेली चालते, त्या हातचं पाणी चालत नाही! शिवाशिव गेली असं म्हणणाऱ्यांनी एखाद्या आयाबाईला तिचा कप कुठे असतो ते विचारावं. घाणीचं काम म्हणजे हलकं काम आणि हलक्या कामाला शिक्षण लागत नाही, ही विचारसरणी जातीतून आलेली आहे. म्हणून आयाबाईच्या शिक्षणाची मागणी ही जातिअंताच्या लढाईतलीही मागणी आहे.

आणि आपली चळवळ? १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला. त्यातून संघटना उभी राहिली, बोनसची, रजेची भाषा सुरू झाली. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तो या लढ्यामुळे. पण आपल्या डोळ्यांसमोर मोलकरीण होती ती धुणं-भांडी करणारी, चार घरं फिरणारी, चाळीच्या नळावर दुसरीला भेटणारी. आयाबाई एकाच घरात बारा तास, कधी चोवीस तास कोंडलेली असते. तिला दुसरी आयाबाई भेटत नाही. तिला मोर्चाला येता येत नाही, कारण ती आली तर आजींना सोडायचं कुणी? तिच्या कामाला धुण्या-भांड्याच्या मापानं मोजता येत नाही. तरीही आपण तिला त्याच यादीत घातलं आणि तिचं वेगळं म्हणणं ऐकलं नाही.

याचं एक कारण बोलायला अवघड आहे, पण बोलायला हवं. आपण पाळणाघराची मागणी केली, कारण पोरं आपल्या अंगावर होती आणि आपण तरुण होतो. म्हाताऱ्यांच्या काळजीची मागणी केली नाही, कारण तोवर आपल्यातल्या अनेकजणी बाई ठेवू शकतील अशा झाल्या होत्या. आपल्या बैठका, आपले दौरे, आपले परिसंवाद कुणाच्या तरी बारा तासांच्या पाळीवर चालले आहेत. नवऱ्यानं आणि भावानं आईबापांच्या कामाला हात लावला नाही, ते भांडण आपण अर्ध्यावर सोडलं आणि ते काम दुसऱ्या बाईच्या अंगावर ढकललं. पुरुष पूर्वीसारखाच मोकळा राहिला. याला श्रमविभागणी बदलणं म्हणत नाहीत.

आता या मागणीवरचे आक्षेप. पहिला, शिकलेली बाई जास्त पैसे मागेल, मग पेन्शन नसलेल्या म्हातारीनं काय करायचं? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये आणि ८० नंतर ५०० रुपये. राज्याची भर धरूनही त्यात बाई ठेवणं सोडा, औषधंही येत नाहीत. पण याचं उत्तर आयाबाईनं स्वस्तात राबावं हे कसं असेल? एका गरीब बाईची अडचण दुसऱ्या गरीब बाईच्या पगारातून भागवायची, आणि सरकारनं, पोरांनी, रुग्णालयांनी बाजूला उभं राहून पाहायचं? पालकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलांकडून पोटगी मिळवून देतो, अंग पुसणारा हात मिळवून देत नाही. २०१९ मध्ये त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक लोकसभेत आलं. घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व्हावी, त्यांना किमान निकष असावेत असं त्यात होतं. ते पडून राहिलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा बारगळलं. त्यासाठी एक तरी मोर्चा निघाला का? आपलाही निघाला नाही.

दुसरा आक्षेप आपल्या डाव्या मैत्रिणींचा. आधी पगार, कामाचे तास, सुट्टी यांची लढाई, शिक्षण मग पाहू. मला वाटतं, या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. 'अकुशल' हा शिक्का हेच कमी पगाराचं हत्यार आहे. आणि नुसतं शिक्षण दिलं, हक्क दिले नाहीत, तर अधिक चांगली गुलाम तयार होईल, हेही तितकंच खरं. म्हणून शिक्षणात काय असावं हे ठरवायला आपण तिथे असलो पाहिजे. ते ब्यूरोवर सोडता कामा नये.

माझ्या मते त्यात इतकं तरी असावं.

एक, म्हाताऱ्या शरीराचं ज्ञान. उचलणं, कूस बदलणं, भरवणं, नळ्या, औषधांच्या वेळा, धोक्याच्या खुणा. त्याबरोबर हेही, की इंजेक्शन देणं हे नर्सचं काम आहे आणि 'द्या हो, काही होत नाही' म्हणणाऱ्या घरमालकाला नाही कसं म्हणायचं.

दोन, स्मृतिभ्रंश आणि मनाचे आजार. मारणाऱ्या, शिव्या देणाऱ्या, रात्रभर जागणाऱ्या माणसाबरोबर कसं राहावं, आणि स्वतःला केव्हा बाजूला काढावं.

तीन, काम करणारीचं शरीर. कंबर, गुडघे, झोप, हातमोजे. एकटीनं उचलायचं नाही हा नियम कागदावर हवा.

चार, कायदा. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकामगारांनाही लागू आहे आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते, हे किती आयाबायांना माहीत आहे? अंथरुणावरच्या म्हाताऱ्याचा हातही कुठे कुठे जातो, घरातल्या जावयाचाही जातो. ते 'आजारी माणसाचं मनावर घ्यायचं नाही' म्हणून गिळायला लावतात.

पाच, मरण. वर्षभर जिचं केलं ती आपल्या हातात जाते. घरचे रडतात. मावशींनी रडायचं की चादरी बदलायच्या? दुसऱ्या दिवशी ब्यूरो दुसरा पत्ता देतो. या दुःखाविषयी त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

आणि शिकवणार कोण? नर्स आणि डॉक्टर असावेतच. पण वीस-वीस वर्षं हे काम केलेल्या बाया शिक्षिका म्हणून, मानधन घेऊन तिथे असाव्यात. चिडलेल्या आजोबांना दोन घास कसे भरवायचे हे त्यांना जितकं कळतं तितकं पुस्तकाला कळत नाही. शिक्षणाच्या दिवसांचा पगार मिळावा. इयत्तेची अट नसावी, पूर्वीच्या कामाची नोंद धरावी. वर्ग वस्तीत व्हावेत. प्रमाणपत्र बाईच्या नावचं असावं, ब्यूरोच्या कपाटातलं नव्हे, आणि त्याबरोबर दर वाढलाच पाहिजे. पुरुषांनाही या वर्गात ओढावं. शिवाय रुग्णाला घरी पाठवताना रुग्णालयानं घरच्यांना आणि येणाऱ्या बाईला एकत्र बसवून हे सगळं दाखवणं बंधनकारक असावं. घरच्यांमध्ये मुलगाही येतो, हे लिहून ठेवावं.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांच्या हक्कांसाठी कायदा करण्याचा विचार करायला समिती नेमावी, असे केंद्राला निर्देश दिले. त्या निमित्तानं निवेदनं लिहिली जातील, आपणही लिहू. त्यात आयाबाईंच्या शिक्षणाचा परिच्छेद घातला नाही तर तो दुसरं कुणीही घालणार नाही. पण निवेदनाआधी एक साधं काम आपल्या घरात करता येईल. येत्या रविवारी आपल्या घरच्या मावशींना सुट्टी द्यावी, पगारी. त्यांचं काम घरातल्या पुरुषानं करावं, आणि संध्याकाळी त्याला विचारावं, हे उपजत येतं का?

घरेलू कामगार मंडळाची नोंदणी साठीपर्यंतच असते. साठीनंतर मावशी सरकारदरबारी कामगार राहत नाहीत. तोवर त्यांची कंबर गेलेली असते, गुडघे गेलेले असतात. दुसऱ्यांच्या आया उचलून झालेल्या या बाईला उद्या कोण उचलणार, तिची कूस दर दोन तासांनी कोण बदलणार, हा प्रश्न आपल्या पुढच्या शिबिराच्या पत्रिकेवर पहिला विषय म्हणून घ्यावा. आणि शिबिराची वेळ मावशींची पाळी सुटल्यानंतरची ठेवावी.